खिडक्यांखालची खडूची रेघ

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू मुलांशी बोलायला लागल्या की बहुधा हळव्या होतात. त्या उसासे टाकतात आणि गेलेले दिवस आठवतात. मलाही तसं बोलता आलं असतं. पण एके दिवशी माझ्या अंगावर, खिडक्यांच्या खालून, चारही बाजूंनी खडूची पांढरी रेघ ओढली गेली. ती कशासाठी हे कळल्यापासून माझा आवाज मऊ राहिलेला नाही. तुम्ही तो तसाच ऐका.

आधी माझं नाव नीट ऐकून घ्या. शेवरोले फ्लीटलाइन डीलक्स, साल एकोणीसशे एक्कावन्न, दारं चार. कुंभकोणमात मला प्लिमथ म्हणणारे भेटले, डॉज म्हणणारे भेटले. एका शिकल्यासवरल्या गृहस्थानं तर माझ्या बॉनेटवर थाप मारून ‘काय दणकट अँबॅसडर आहे’ म्हटलं. तुम्हाला कुणी रोज दुसऱ्याच्याच नावानं हाक मारली तर कसं वाटेल?

माझे तुकडे अमेरिकेत घडले. लाकडी पेट्यांत भरून ते बोटीनं मुंबईला आले आणि शिवडीच्या कारखान्यात मला जोडलं. उजव्या हाताला चाक बसवलं. जोडणारी माणसं मराठी बोलत होती, म्हणून पहिली भाषा माझ्या कानावर पडली ती मराठीच. मग आगगाडीच्या उघड्या डब्यावर बांधून मला दक्षिणेला पाठवलं. कुंभकोणमला उतरले तेव्हा सगळीकडे तमिळ. मी घाबरले. पण ज्या घराच्या फाटकातून आत गेले तिथं पुन्हा मराठी ऐकू आलं. जरा वेगळं मराठी. तिथं ‘झालं’ला ‘जालं’ म्हणत आणि ‘नको’ला ‘नोको’. सरफोजी राजांच्याही आधी त्यांचे पूर्वज तंजावरला आले आणि येताना जी भाषा आणली ती त्यांनी तशीच ठेवली. मधेमधे तमिळ शब्द शिरले, एवढंच.

घर कृष्णमूर्तिराव वकिलांचं. त्यांना दोन मुलगे, थोरला रघुराम आणि धाकटा रविशंकर. वकिलांनी मला कोर्टात नेलं, तंजावरला नेलं, आणि ओळखीपाळखीच्या लग्नांत नवऱ्यामुलाला आणायलाही दिलं. इकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याला मोटारीत बसवून, सनईसारखा नादस्वर वाजवत, दिव्यांच्या उजेडात गावातून मिरवत आणतात. त्याला जानवासम् म्हणतात. तेव्हा गल्लीतली सगळी पोरं नवऱ्याच्या भोवती मोटारीत कोंबून बसतात. एकदा एका नवऱ्याच्या आत्यानं माझ्याकडे बघून नाक मुरडलं. “उघडी मोटार मिळाली नाही कां? नवरा दाखवताय की पार्सल पाठवताय?”

वकील म्हणाले, “ज्याला बघायचा आहे त्यानं वाकून बघावा. थोडा वाकला तर बरंच आहे.”

मला ते फार आवडलं होतं.

वकिलांच्या मागे मी रघुरामकडे आले. रघुराम भाताचा शास्त्रज्ञ होता, आडुतुरैच्या संशोधन केंद्रात. रोज सकाळी मी त्याला तिकडे नेई आणि संध्याकाळी चिखलानं भरलेल्या बुटांसकट परत आणी. भाताचा वाण पोत्यातल्या दाण्यावरून ओळखू नये, असं तो म्हणे. उभ्या रोपाकडे बघावं. पान खोडाला जिथं चिकटतं तिथली पातळ जिभली बघावी, कुसळ बघावं, लोंबी कशी झुकते ते बघावं. त्याची मुलगी नंदिता लहान असताना तो तिला बांधावर उभं करून हे शिकवी आणि परत येताना तीच रीत माझ्यावर चालवी.

“पाऊस टपावर पडला,” तो विचारी, “तर पाणी कोठं जाईल?”

“मागं.”

“कसं?”

“न थांबता. बंपरापर्यंत.”

“आणि मधेच थांबलं तर?”

“तर ती फ्लीटलाइन नाही, अप्पा. स्टाइललाइन.”

बरोबर होतं. माझ्या स्टाइललाइन बहिणींची पाठ टपाखाली उतरते, मग डिकीपाशी पायरी येते आणि मग पुन्हा उतरते. माझी पाठ टपापासून बंपरापर्यंत एकच उतार आहे, कासवाच्या पाठीसारखा. माझी समोरची काच दोन तुकड्यांची आहे, मधे उभी पट्टी. पुढच्या जाळीत, मोठ्या दिव्यांच्या खाली, दोन लहान आडवे दिवे. आदल्या वर्षीच्या बहिणींचे मागचे मडगार्ड माझ्यापेक्षा गोल. पुढच्या वर्षीच्या बहिणींच्या जाळीत मधल्या पट्टीवर पाच उभे दात. मला दात नाहीत. बाजूनं धावणारी चकचकीत पट्टी आणि तिच्यापाशी तिरप्या अक्षरांतलं ‘डीलक्स’ ही माझी खूण. साध्या बहिणींना ती नसते. गिअरचा दांडा खाली जमिनीत नसून चाकाशेजारी. नंदितानं हे सगळं पाढ्यांसारखं पाठ केलं होतं, फरक एवढाच की पाढे ती विसरली.

आमच्यात उघडीही असते. कापडी टपाची, दोन दारांची. तिची गोष्ट रघुराम नेहमी जरा थांबून सांगे. तिचा टप दुमडतो म्हणून ती वेगळी नाही, तो म्हणे, ती खालूनच वेगळी आहे. वर छप्पर धरायला नाही, म्हणून तिचा सांगाडा खालून जादा लोखंड भरून मुळातच जाड बांधलेला असतो. बंद मोटारीला ते लागत नाही, कारण तिचा टप आणि तिचे खांब मिळून तिला ताठ धरतात. “टप म्हणजे टोपी नव्हे, नंदे,” तो म्हणे. “कणा आहे तो.”

रविशंकरनं हे कधी ऐकलं नाही, कारण त्या दिवसांत तो पुढच्या सीटवर कधी बसलाच नाही. लहानपणी त्याला मला चालवायचं होतं. एकदा त्यानं मला फाटकाच्या खांबावर घासलं. रघुरामनं माझ्या मडगार्डावरून हात फिरवला, भावाकडे बघितलं नाही आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. ती पुढं त्याच्याच खिशात राहिली. हेही मी सांगते आहे, कारण मी रागावले आहे म्हणून खोटं बोलणार नाही. रघुराम चांगला माणूस होता, पण किल्लीच्या बाबतीत तो चांगला भाऊ नव्हता.

मग नंदिता मोठी झाली, शिकली, कोइमतूरला कॉलेजात शिकवायला गेली. रघुराम निवृत्त झाला. मीही झाले म्हणा ना. तो रोज सकाळी येई, माझं इंजिन सुरू करी आणि चाकामागे नुसता बसून राही. आम्ही कुठं जात नसू. त्याची बायको धनलक्ष्मी डबरा नावाच्या खोलगट वाटीत पेला ठेवून कॉफी आणून खिडकीतून आत देई आणि म्हणे, “आडुतुरै आलं कां?” तो म्हणे, “अजून नाही.” तिला ती थट्टा पुरत असे.

यंदा संक्रांतीचा पोंगल सण संपला आणि एका सकाळी तो आला नाही. अँब्युलन्स आली. फाटकाच्या आत मी उभी होते, म्हणून ती आत शिरेना. चार माणसांनी मला ढकलून बाजूला केलं. माझा हँडब्रेक कुणालाच सोडता येईना, तेव्हा चाकं घासत ढकललं. इतकी वर्षं त्याला नेणं हे माझं काम होतं, आणि त्या दिवशी मी अडचण होते. तो परत आला नाही. पुढचं मी बोलणार नाही.

आता रागाचं.

रविशंकर काकांचं वय आता सत्तरीच्या आसपास आहे. गावात ते लग्नांची कामं घेतात. मांडव, जेवण, बसगाड्या असं सगळं. त्यांचा जोडीदार साईकुमार, तिरुनागेश्वरमचा. तो जानवासमसाठी मोटारी देतो. रघुराम गेल्यावर थोड्याच दिवसांनी एका सकाळी काका किल्ली घेऊन आले आणि साईकुमारनं मला त्याच्या शेडमध्ये नेलं. मला वाटलं, कोर्टाच्या नाहीतर लग्नाच्या कामाला निघाले. जुन्या सवयीनं मला बरंही वाटलं. किती मूर्ख होते मी!

शेडमध्ये पहिलं काम त्यांनी माझ्या तोंडावर केलं. साईकुमारनं मोबाइलवर कुठल्याशा मोटारीचा फोटो बघितला होता. दातवाल्या, पुढच्या सालच्या. त्याला ती आवडली. त्यानं पाच दात करवून आणले, माझ्या जाळीच्या पट्टीला पाच ठिकाणी भोकं पाडली आणि ते बसवले. मागे सरकून बघितलं आणि हसला. “आत्ता कसं! हसतेय बघ. लग्नाची गाडी हसली पाहिजे.”

मित्रांनो, मी हसत नव्हते.

मग त्याच्याकडचा वेल्डर बाला खडू घेऊन आला. त्यानं खिडक्यांच्या खाली, सगळ्या खांबांच्या मुळाशी, रेघ ओढली. पुढून मागे, मागून पुढे. मागच्या उतारावर, जिथं पाणी न थांबता वाहतं, तिथंही. बाला चांगला माणूस. रेघ सरळ यावी म्हणून त्यानं दोरी धरली होती. उद्या कापू, तो म्हणाला. नवऱ्यामुलाला उभं राहून हात हलवता आला पाहिजे, फोटो वरून घेता आले पाहिजेत, आजकाल ड्रोन असतो. साईकुमारनं मान हलवली. “बंद गाडी कुणाला पायजे? बंद गाडीत लोक दवाखान्यात जातात.”

त्याच दिवशी दुपारी नंदिता आली. वडिलांच्या दुसऱ्या मासिक श्राद्धासाठी ती कोइमतूरहून आली होती, आणि घरी माझी जागा रिकामी बघून रिक्षा करून थेट इकडे. घरी काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं, मायलेकी माझ्यात बसून बोलल्या तेव्हा. तिनं विचारलं, “आई, गाडी कोठं?” धनलक्ष्मी म्हणाली, “रवीनं नेली. लग्नांना द्यायची म्हणाला. मीच सरी म्हटलं.” सरी म्हणजे बरं, ठीक. तिला कापण्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

नंदिता शेडच्या दारात थांबली. तिनं माझं तोंड बघितलं. मग चालत बाजूला आली आणि ती रेघ बघितली. तिनं रेघेवर बोट ठेवलं आणि माझ्याभोवती एक फेरी घातली, बोट न उचलता. खडू तिच्या बोटाला लागला. ती रडली नाही. तिच्या अप्पासारखीच आहे ती, राग आला की आवाज खाली जातो.

“काका, हे काय?”

रविशंकर काका प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठले. “ये नंदे. तुला फोन करणारच होतों. बघ, अण्णाचं नाव मागच्या काचेवर लिहिणार आहों. सोनेरी अक्षरांत. गावातला प्रत्येक नवरा अण्णाच्या गाडीतून येईल.”

“मागची काच राहणार आहे?”

काकांनी मागच्या काचेकडे बघितलं. मग साईकुमारकडे बघून म्हणाले, “दारावर लिहू.”

“ही उघडी होत नाही,” नंदिता म्हणाली. “उघडी वेगळी असते. तिला खालून दुप्पट बांधलेलं असतं. हिचा टप काढलात तर ही मधोमध खचेल. दारं लागणार नाहीत.”

“मॅडम,” साईकुमार तमिळमध्ये म्हणाला, गोड आवाजात, “आम्ही दोन अँबॅसडर कापल्यात. सात वर्षं धावताहेत. देवाच्या दयेनं एक तक्रार नाही.”

“कोठं आहेत त्या?”

“एक पापनाशमला कामावर गेलीय. एक इथंच, मागं.”

नंदिता मागे गेली. मला तिथून ती अँबॅसडर दिसत होती, बिचारी. गुलाबी रंग दिलेला, सीटवर मखमल, आणि मधे जरा वाकलेली, थकलेल्या म्हाताऱ्या बैलासारखी. तिची मागची दोन्ही दारं काथ्याच्या दोरीनं एकमेकांना, सीटखालून, बांधलेली होती.

“हे काय?”

साईकुमार हसला. “वर झेंडूची माळ येते ना, मॅडम. कुणाला दिसत नाही.”

“आत दहा पोरं बसतात.”

“बसतात की! पोरं म्हणजे फुलं, वजन कुठं असतं त्यांना?”

नंदिता परत आली ती काकांच्या समोर उभी राहिली. “मी हिला घरी नेतेय.”

आता काकांचा आवाज चढला. “तू नेणार? तू कोण? वर्षातून दोनदां येतेस, पाहुण्यासारखी. पोंगलला फोन, दिवाळीला फोन. अण्णाला दवाखान्यात कोणी नेलं? मी. पिंडाला कावेरीवर कोण उभं राहिलं? मी. तू पोहोंचलीस तेव्हां सगळं जालं होतं.”

हे खरं होतं. म्हणूनच ते इतकं वाईट होतं. नंदिताचा चेहरा मी बघितला. त्यावर काही हललं नाही, पण तिच्या हातातली पर्स खाली पडली आणि तिनं ती उचलली नाही.

“सत्तर वर्षं,” काका म्हणाले, आणि आता ते तिच्याशी बोलत नव्हते, “सत्तर वर्षं ही गाडी आमच्या घरांत आहे आणि मला परत चाक धरूं दिलं नाही. एकदां खांबाला लागली. एकदां! आतां माझी पाळी आहे. मी काय करायचं ते मी ठरवीन.”

“म्हणून कापायची?”

“कापायची नाही ग! लोकांना दिसायला पाहिजे. ती आमची आहे हें दिसायला पाहिजे. अण्णानं नुसती झाकून ठेवली.” मग त्यांनी भात्यातून बाण काढावा तसा शेवटचा मुद्दा काढला. “आणि मी चोरून नेलेली नाही. वैनीनं होकार दिला आहे. विचार तिला.”

“विचारते,” नंदिता म्हणाली. तिनं तिथंच उभं राहून फोन लावला. “आई, ते हिचा टप कापणार आहेत. उद्या. उघडी करायला.” पलीकडून काही ऐकू आलं नाही. फोन बंद झाला.

“काय म्हणाली?”

“काही नाही.”

काका खुर्चीत बसले. “बघ. ती काही म्हणत नाही. तिला यांत काही वावगं वाटत नाही. तुलाच काय तें दुखतं.” साईकुमारनं बाहेरच्या टपरीवर चहाची खूण केली, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “उद्या कशाला? माणसं तापली की काम रेंगाळतं. आजच एक बाजू करून टाकू.”

बालानं कापायचं मशीन जोडलं. मी सांगू का, त्या आवाजानं काय झालं? मला इतक्या वर्षांत कधी न वाटलेली भीती एका क्षणात वाटली. नंदिता माझ्या दारापाशी येऊन उभी राहिली. बाला थांबला. “मॅडम, ठिणग्या उडतात. बाजूला व्हा.” ती झाली नाही. “मॅडम, साडीवर उडतील.” ती तरीही झाली नाही. काका म्हणाले, “नंदे, तमाशा नोको.” साईकुमार म्हणाला, चहा पिऊ, मग बघू. सगळे असे थांबून राहिले. 

तेवढ्यात शेडच्या फाटकाशी एक रिक्षा थांबली.

मित्रांनो, पुढचं समजायला तुम्हाला एक गोष्ट माहीत हवी. आमच्या घरी अजून जुन्या रीती चालतात. नवरा गेलेली बाई कित्येक महिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. देवळात नाही, बाजारात नाही, बहिणीकडेसुद्धा नाही. लोक तिला भेटायला येतात, ती कुणाकडे जात नाही. आणि लग्नाच्या वस्तूंजवळ तर ती मुळीच जात नाही. धनलक्ष्मीनं हे नियम कुणी न सांगता पाळले होते.

रिक्षातून धनलक्ष्मी उतरली.

घरातली साडी. पायांत रघुरामच्या चपला, मोठ्या, कारण दाराशी त्याच सापडल्या. कपाळ मोकळं. शेडमधली माणसं एकदम उभी राहिली. बाहेर चहाच्या टपरीवरचे दोघे आत डोकावले. मागच्या गुलाबी अँबॅसडरवर लग्नाची सजावट अर्धी लटकत होती, आणि साईकुमारच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की ही अपशकुनी बाई आत आली याची त्याला धडकी भरली आहे.

“वैनी!” रविशंकर काका धावले. “वैनी, हें काय? वर्ष जालं नाही, काही जालं नाही, तुम्ही बाहेर कशा आलांत? लोक काय म्हणतील?”

धनलक्ष्मी त्यांना वळसा घालून माझ्यापाशी आली. रेघ बघितली. मागचं दार उघडलं, आत बसली आणि दार ओढून घेतलं. ते नीट लागलं. मग खिडकीची काच खाली केली.

“काप,” ती बालाला म्हणाली, तमिळमध्ये.

बालानं मशीन खाली ठेवलं.

“वैनी, उतरा. बोलूं.”

“बोल ना. मी ऐकतें.”

“तुम्हीच सरी म्हटलांत. मी विचारलं होतं तुम्हांला.”

“कधी विचारलंस, रवी?”

काका खिशातली किल्ली चाचपू लागले.

“मी सांगतें. दहाव्याच्या दिवशी विचारलंस. सकाळी बायकांनी मला मधे बसवलं होतं. माझ्या बांगड्या फोडल्या होत्या. डोक्यांतलं फूल काढलं होतं. कुणी म्हणे हें कर, कुणी म्हणे तें कर, आणि मी सगळ्यांना सरी म्हणत होतें. पाणी पी म्हटलं, सरी. इकडे तोंड कर म्हटलं, सरी. रडूं नोको म्हटलं, सरी. तेव्हां तूं दारांत उभा राहून म्हणालास, वैनी, गाडी लग्नांना देऊं? मी सरी म्हटलं. तूं त्या दिवशी म्हणाला असतास, वैनी, तुम्हांला विहिरींत ढकलूं? तरी मी सरी म्हटलं असतं.”

बालानं मशीनची वायर काढली.

“बाईला विचारायला तोच दिवस सापडला तुला,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी शुद्धीवर असतें तर नाही म्हणालें असतें, हें तुला माहीत होतं. म्हणून तोच दिवस.”

“तसं नाही, वैनी—”

“तसंच आहे. आणि बाहेर यायला मी वर्ष थांबूं? तूं दहावासुद्धा संपूं दिला नाहीस.”

रविशंकर काका खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर, माझ्या पुढच्या चाकाशी. मोठे गृहस्थ, पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसलेले, आणि तसे तेलाच्या डागांवर बसले. मला त्यांची दया आली असं मी सांगणार नाही. पण ते खाली बसले तेव्हा त्यांचा हात माझ्या मडगार्डावर टेकला, जिथं फार पूर्वी फाटकाच्या खांबाची खरवड होती. त्यांना ती जागा बरोबर माहीत होती. माणसाला एवढं माहीत असतं आणि तरी तो कापायला देतो. माझ्या रागाला एवढंच कारण पुरे आहे.

“काका,” नंदिता खाली वाकून म्हणाली, “अप्पांनी तुम्हाला चाक द्यायला हवं होतं. ते त्यांचं चुकलं.” ती थांबली. “हे तुमचं चुकलं.”

काकांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. 

साईकुमारला आता फक्त मी आणि धनलक्ष्मी दोघी त्याच्या शेडमधून लवकर जायला हव्या होत्या. त्यानं दात काढून द्यायला बालाला सांगितलं. बालानं ते काढले. पाच भोकं उरली. ती आहेत अजून. नंदितानं ती भरून घेतलेली नाहीत.

मग ती चाकामागे बसली. हँडब्रेक तिनं एका हातानं सोडला. तिला तो येतो. तिनं दांडा चाकाशेजारी खाली ओढला आणि आम्ही निघालो, खडूच्या रेघेसकट. वाटेत मायलेकी बोलल्या. घरचं काय काय झालं ते मला तेव्हाच कळलं. धनलक्ष्मी पहिल्यांदा मोठ्यानं रडली, तीही तिथंच, मागच्या सीटवर. नंदिता रडली नाही. तिनं गाडी चालवली.

गाव जवळ आलं तेव्हा नंदिता म्हणाली, “आई, काच वर कर. नाहीतर मागच्या रस्त्यानं जाऊ. बाजारातून नको. सगळे बघतील.”

पितळी भांड्यांच्या दुकानांसमोर संध्याकाळची गर्दी होती. कुणीकुणी आम्हाला ओळखलं होतं. एका दुकानदारानं हातातलं भांडं खाली ठेवलं. एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलं. धनलक्ष्मीनं डोळे पुसले, सरळ बसली आणि काच होती तिथंच राहू दिली.

“बाजारांतूनच घे,” ती म्हणाली. “आणि हळूं चालव. बघूं देत.”

मी हळू चालले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना पुसा, तेल घाला, एवढंच सांगून मी गप्प बसले असते. ते तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं जरा अवघड आहे. एखाद्या गोष्टीवर हात टाकण्याआधी ती कोण आहे ते ओळखा. तिचं नाव घ्या, साल बघा, ती कशाच्या आधारानं उभी आहे ते बघा. आणि ती ज्यांची आहे त्यांना विचारा, पण ज्या दिवशी त्यांना ‘नाही’ म्हणता येईल अशा दिवशी विचारा. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तुम्हाला किल्ली मिळेल. होकार मिळणार नाही.